सावड: शेजाऱ्याचा उसना दिवस

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना भरल्या आहेत.)



आजचा एपिसोड एका व्हॉइस नोटपासून सुरू होतो. माझा मावसभाऊ कॅनडात राहतो, कॅलगरी शहरात. मागच्या हिवाळ्यात त्याने मला पाच मिनिटांची नोट पाठवली. मागे खरड-खरड असा आवाज येत होता. तो म्हणाला, "ऐकतोयस ना? हा शेजारच्या म्हाताऱ्याच्या फावड्याचा आवाज आहे. मी तापाने झोपलोय आणि हा माणूस माझ्या दारातला बर्फ काढतोय. मी सांगितलंही नव्हतं."

कॅलगरीत नियम आहे. बर्फ पडायचा थांबला की २४ तासांच्या आत घरासमोरचा फुटपाथ मोकळा करायचा. नाही केला तर पालिका करून घेते आणि बिल घरमालकाच्या नावावर लावते. पण म्हातारी माणसं, आजारी माणसं, नुकतं बाळ झालेलं घर, यांनी काय करायचं? म्हणून तिथल्या पालिकेची एक मोहीमच आहे, 'स्नो एंजल्स' नावाची. शेजाऱ्याचा फुटपाथ गुपचूप साफ करून टाका, एवढंच तिचं सांगणं.

भाऊ शेवटी म्हणाला, "आपल्याकडे असं काही नाही रे. आपल्याकडे कोण कुणाचं अंगण साफ करतं?"

मी ती नोट आजीला ऐकवली. आमचं गाव पारनेर तालुक्यात आहे, जिल्हा अहिल्यानगर, म्हणजे आपलं जुनं नगर. आजीने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "त्याला सांग, याला सावड म्हणतात. आणि तुझी एक सावड अजून फिटायची आहे."

आजचा विषय हाच. सावड म्हणजे काय, ती आपल्या जिल्ह्यात कशी चालायची, कुणाला त्यात जागा नव्हती, ती गेली कुठे, आणि माझ्या नावावर कसली बाकी राहिली होती.

नगरमधला बर्फ

आधी बाकीची गोष्ट सांगतो.

फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्च २०१४च्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात मोठी गारपीट झाली होती, आठवतं? तुमच्यातले बरेच जण तेव्हा शाळेत असतील. मी पुण्यात कॉलेजला होतो. एका संध्याकाळी चुलतभावाने फोटो पाठवला. पांढरं शेत, पांढरा रस्ता, गोठ्याच्या पत्र्यावर पांढरा थर. मला वाटलं कुठूनतरी फॉरवर्ड आलंय. खाली त्याने लिहिलं होतं, "आपलं वावर आहे."

आमचा कांदा काढून झाला होता. वाफ्यातच ढीग लावून वर पात टाकून ठेवला होता. त्याच्यावर गारांचा थर बसला. कांद्याला मार लागला की तो लगेच सडत नाही. मार लागलेला कांदा ओला राहिला की सडतो. म्हणजे हातात वेळ असतो तो एक दिवसाचा. गारा उपसायच्या, ढीग फोडायचा, फुटलेला कांदा बाजूला काढायचा आणि चांगला कांदा कोरड्या जागी पसरायचा. आमच्या घरात तेव्हा माणसं तीन. आई, वडील आणि आजी.

आता आमच्या शेजारचे तात्या. त्यांचं आणि आमचं बांधावरून भांडण होतं. पाच वर्षं बोलणं बंद. बांध कुणी कोरला, यावरून मोजणी आणण्यापर्यंत गोष्ट गेली होती. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तात्या, तात्यांची बायको, सून आणि माझ्याच वयाचा मुलगा अशी चार माणसं घमेली आणि फावडी घेऊन आमच्या वावरात उभी. आजी सांगते की कुणी कुणाशी बोललं नाही. दुपारपर्यंत फक्त घमेल्यांचा आवाज होता. दुपारी आईने पिठलं-भाकरी केली. जेवताना तात्या म्हणाले, "उद्या आमच्या डाळिंबाकडं बघावं लागंल." वडील म्हणाले, "येतो."

आई, वडील आणि आजी यांनी आपले तीन दिवस त्याच आठवड्यात फेडले. चौथं माणूस होतं तात्यांचा मुलगा. तो माझ्या जागी आला होता, कारण माझ्या वयाचं माणूस आमच्या घरातून कमी होतं. तो दिवस माझ्या नावावर पडला, आणि मला कित्येक वर्षं त्याचा पत्ता नव्हता.

तीन शब्द

शहरात आपण या सगळ्याला एकच शब्द वापरतो, 'मदत'. गावाकडे तेवढ्याने भागत नव्हतं, कारण मदतीचे प्रकार वेगळे होते.

पहिला शब्द सावड. तुम्ही माझ्याकडे एक दिवस आलात, मी तुमच्याकडे एक दिवस येणार. माणसाच्या बदल्यात माणूस, बैलाच्या बदल्यात बैल. पैसे नाहीत. शब्द जुना आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली, तिच्यातही तो आहे. काही भागांत याच व्यवहाराला वारंगुळा म्हणतात, सातारा-कोल्हापूरकडे पैरा म्हणतात. तुमच्या घरी कोणता शब्द आहे ते एकदा विचारून बघा.

दुसरा शब्द इर्जिक. एखाद्याच्या शेताचं काम फार मोठं आहे किंवा घरातला कर्ता माणूस आजारी आहे, गेला आहे. मग तो किंवा त्याच्या घरचे गावाला बोलावतात. दहा-पंधरा औतं एकाच रानात उतरतात आणि एका दिवसात नांगरट उरकते. घरच्यांनी जेवण घालायचं, तेही चांगलं, पुरणपोळीचं नाहीतर मटणाचं. इर्जिकीत दिवसाला दिवस असा हिशोब नसतो. जेवलात, झालं. कापणीच्या कामात हलगी वाजायची, भलरी म्हटली जायची. दमलेल्या माणसांचा हात एका लयीत चालावा म्हणून.

तिसरा शब्द वेठ. तो पुढे येईल, कारण त्याच्याशिवाय ही गोष्ट खोटी होईल.

नांगराला किती बैल लागतात?

आता मला एक प्रश्न पडला होता. लोक पूर्वी फार चांगले होते म्हणून एकमेकांकडे जायचे का? जुन्या लोकांशी बोललं की असंच वाटतं. "तेव्हा माणुसकी होती." पण हे उत्तर मला पुरेसं वाटेना. बांधाची भांडणं तेव्हाही होती, भाऊबंदकी तर होतीच.

उत्तर नांगरात आहे.

लोखंडी नांगर येण्याआधी आणि ट्रॅक्टर तर फार पुढची गोष्ट, तेव्हा नांगर लाकडी होता. काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा माजला की वरवर नांगरून चालत नाही, खोल जावं लागतं. त्या जड नांगराला दोन-तीन, कधी चार बैलजोड्या जुंपाव्या लागत. म्हणजे चार ते आठ बैल. आता साधा शेतकरी विचारात घ्या, ज्याच्याकडे एक जोडी आहे. किंवा एकच बैल आहे, कारण दुसरा गेल्या दुष्काळात मेला. १८७६ ते १८७८ या दुष्काळात दख्खनमध्ये माणसांइतकीच जनावरंही गेली. अशा माणसाने नांगरट करायची कशी?

एकच मार्ग. तीन-चार घरांनी बैल एकत्र आणायचे आणि क्रमाने सगळ्यांची रानं करायची. म्हणजे सावड हा आधी यंत्राचा प्रश्न होता. नांगर नावाचं यंत्र एका घराच्या ताकदीत चालतच नव्हतं. चालवायला चार घरं लागत, मग त्या चार घरांचं पटो किंवा न पटो.

कॅलगरीतही पाहा ना. भावाच्या गल्लीत बर्फ उडवायचं मशीन दोघांकडेच आहे. ज्याच्याकडे ते आहे तो स्वतःचं दार झालं की थांबत नाही, ओळीने पुढे जातो.

आधी कुणाचं?

चार घरं एकत्र आली की पहिलं भांडण कशावरून होईल? आधी कुणाचं रान, यावरून.

हे भांडण खरंच मोठं आहे, कारण पाऊस सगळ्यांकडे एकदम पडतो. पेरणीला वापसा लागतो. ज्यांना शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी: वापसा म्हणजे जमिनीत ओल आहे, पण चिखल नाही, पाय रुतत नाही आणि औत चालतं, अशी अवस्था. काळ्या रानात ती थोडेच दिवस टिकते. लवकर घुसलात तर चिखल, उशीर झाला तर ढेकळं. ज्याचा नंबर शेवटी लागला, त्याचा वापसा गेला. वापसा गेला की पेरणी गेली आणि पेरणी गेली की वर्ष गेलं.

इथे जमीनच मदतीला यायची. आपल्या तालुक्यांत एकाच गावात मुरमाड बरड रान असतं, मध्यम असतं आणि ओढ्याकाठचं भारी काळं असतं. बरड रानातलं पाणी लवकर निचरतं, ते आधी वापशावर येतं. काळ्याला वेळ लागतो. मग क्रम सोपा झाला. आधी बरडवाला, मग मध्यम, शेवटी काळ्या रानाचा मालक. गरिबाचं रान बहुतेक बरडच असायचं, त्यामुळे त्याचा नंबर आधी लागायचा. हा कुणाचा मोठेपणा नव्हता, पावसानेच लावून दिलेली ओळ होती.

आजोबांच्या वेळच्या सावडीत आमचं घर दुसऱ्या नंबरला होतं, असं आजी सांगते. आणि तात्यांचे वडील? "ते चौथे. त्यांचं काळं रान ना. पण ते कधी कुरकुरले नाहीत. कुरकुरून काय करतील, बैल आमचा होता की!"

आजी हसते, पण यातच सगळं आलं. चौथ्या नंबरचा माणूस तीन दिवस दुसऱ्यांच्या रानात राबायचा, कारण चौथ्या दिवशी तिघं त्याच्याकडे येणार याची त्याला खात्री होती. कागद नव्हता. एकदा कुणी चौथ्या दिवशी आलं नाही, तर पुढच्या वर्षी त्याला कुणी सावडीत घेत नसे. एवढा एकच दंड होता, आणि तो पुरायचा.

ज्यांना सावडीत जागा नव्हती

आता तिसरा शब्द. वेठ.

सावड बरोबरीच्या माणसांत होते. तुमच्याकडे बैल, माझ्याकडे बैल. तुमच्याकडे रान, माझ्याकडे रान. ज्याच्याकडे बैल नाही, रान नाही आणि ज्याच्या पंगतीला बसायला गाव तयार नाही, त्याचं काय?

गावातल्या महार, मांग घरांकडून पिढ्यान्‌पिढ्या काम घेतलं गेलं, पण ते सावडीने नाही. सरकारी निरोप पोचवणं, सामान वाहणं, शीव राखणं, मेलेली जनावरं ओढणं. रात्री-अपरात्री हाक आली की जायचं. बदल्यात थोडं वतन आणि हात पसरून मागायचं बलुतं. तो दिवस परत यायचा नाही. कुणी त्यांच्या दारात घमेलं घेऊन जायचं नाही.

या विरोधातली एक मोठी गोष्ट आपल्याच जिल्ह्यात घडली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या प्रश्नावर बिल मांडलं होतं. नंतर डिसेंबर १९३९मध्ये श्रीरामपूरजवळच्या हरेगावला वतनदार महार, मांग आणि वेठियांची परिषद भरली आणि बाबासाहेब तिथे आले होते. ही वतनं कायद्याने रद्द व्हायला मात्र १९५८ साल उजाडावं लागलं.

मी हे मुद्दाम सांगतोय. 'पूर्वी गावात सगळे एकमेकांना मदत करायचे' हे वाक्य कुणी बोललं की विचारा, सगळे म्हणजे कोण? माझ्या आजीच्या सावडीत चार घरं होती. चारही एकाच आळीतली. गावकुसाबाहेरचं एकही नव्हतं. आजीला मी विचारलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "नव्हतं. खरं आहे."

पाटाचं पाणी आणि ट्रॅक्टर

सावड जिल्हाभर सारखी टिकली नाही. आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सगळ्यात मोठा, त्यात पाण्याचे दोन-तीन वेगवेगळे देश आहेत.

पश्चिमेला अकोले तालुका. घाटघर, रतनवाडीकडे पाऊस इतका की लोक त्याला नगरची चेरापुंजी म्हणतात. तिथे भाताची आवणी असते. रोपं उपटली की ती चिखलात लावावीच लागतात, थांबता येत नाही. त्या डोंगराळ खाचरांत मोठी यंत्रं चालत नाहीत. म्हणून तिकडच्या आदिवासी गावांत सावडीने आवणी करायची पद्धत आजही सापडते.

मग प्रवरेचा पट्टा. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं, पाटाला पाणी आलं, ऊस आला. १९५०च्या सुमारास लोणीजवळ प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. शेतकऱ्यांनी गावोगाव शेअर गोळा करून उभारलेला. एका घराला न झेपणारं यंत्र अनेक घरांनी मिळून चालवायचं, ही कल्पना सावडीचीच आहे असं मला वाटतं. फरक एवढा की इथे हिशोब दिवसांचा नव्हता, रुपयांचा होता. ऊस नगदी पीक. हातात पैसा आला की मजूर लावता येतो, आणि मजूर लावता आला की शेजाऱ्याची वाट बघावी लागत नाही.

आणि उरलेला कोरडा पट्टा. पारनेर, नगर, श्रीगोंदा, कर्जत, जामखेड, पाथर्डी. पाऊस चार-पाचशे मिलिमीटर, तोही आला तर. इथे पैसा कमी म्हणून सावड जास्त दिवस टिकली.

मग ट्रॅक्टर आला. चार जोड्यांचं दिवसभराचं काम तासा-दोन तासांत. तासाला इतके रुपये, दिले, संपलं. बैल ठेवणं परवडेना. बैल गेले तशी बैलांची सावड गेली. ट्रॅक्टरला शिव्या द्यायला मी हा एपिसोड करत नाहीये. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात वाकून दिवस फेडलेत, तिला विचारा ट्रॅक्टर वाईट का. आजीचं उत्तर सरळ आहे, "बरं झालं आला."

पण एक झालं. शेजाऱ्याची गरज संपली तेव्हा त्याच्याशी बोलायची गरजही संपली. आमचं आणि तात्यांचं भांडण पाच वर्षं टिकू शकलं, कारण ट्रॅक्टर होता. आजोबांच्या काळात ते पुढच्या मृगापर्यंतसुद्धा टिकलं नसतं.

बहात्तर

गावात कुणाही म्हाताऱ्या माणसाला 'बहात्तर' म्हणा, पुढे सांगावं लागत नाही. १९७२चा दुष्काळ. धान्य नव्हतं. अमेरिकेतून आलेला लाल मिलो लोकांनी खाल्ला, मुलांना सुकडी मिळाली. आणि सरकारने दुष्काळी कामं काढली. खडी फोडणं, रस्ते, नालाबांध, पाझर तलाव. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यभर अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर गेली. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. देशभरातला २००५चा रोजगार हमी कायदा याच वाटेने पुढे आला.

माझी आजी खडीवर होती. ती एक गोष्ट सांगते. खडीच्या ढिगावर बागायतदाराची सून, भूमिहीन बाई, गावकुसाबाहेरची बाई, सगळ्या एका ओळीत बसायच्या. हातोडा सारखाच, मजुरी सारखीच. "आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या शेजारी बसून भाकरी खाल्ली," आजी म्हणते. जे सावडीने कधी केलं नाही ते उपासमारीने केलं. दुष्काळ सरला आणि बायका आपापल्या आळीत परत गेल्या, हेही तीच सांगते.

डोंगर कुणाचा?

बहात्तरने आणखी एक धडा दिला. काही कामं अशी आहेत की माझ्या रानात दहा माणसं आली तरी होत नाहीत. पाणी माझ्या बांधावर अडवून उपयोग नाही, ते वर डोंगरावर अडवावं लागतं. आणि डोंगर कुणा एकाचा नाही.

पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीला अण्णा हजारे १९७५ साली सैन्यातून परतले. आधी यादवबाबांच्या मंदिराचं काम झालं. गावाजवळच्या पाझर तलावात पाणी टिकत नव्हतं, तो लोकांनी श्रमदानाने दुरुस्त केला, मग नालाबांध, चर, झाडं. नगर तालुक्यातलं हिवरे बाजार १९८९ साली पोपटराव पवारांना बिनविरोध सरपंच करून त्या वाटेला लागलं. गाव पुढे आदर्श गाव योजनेत आलं. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, आणि त्याच यादीत श्रमदान. डोंगरावर सलग समतल चर खोदले. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, ऊस-केळी लावायची नाही, आणि पाऊस मोजून, विहिरी बघून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा, कोणतं पीक घ्यायचं ते त्यावर ठरवायचं. पोपटरावांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

या गावांबद्दल तुम्ही ऐकलंच असेल, मी लांबवत नाही. मला त्यातला एकच मुद्दा सांगायचा आहे. श्रमदान म्हणजे सावड नव्हे. सावडीत मी सोमवारी दिलेला दिवस गुरुवारी माझ्या दारात परत येतो. श्रमदानात मी डोंगरावर चर खोदतो, आणि पाणी कुठल्या विहिरीला लागेल हे मला माहीत नसतं. कदाचित खालच्या माणसाच्या विहिरीला लागेल, ज्याच्याशी माझं पटत नाही. परतफेड व्हायला वर्षं जातात. म्हणून श्रमदान सुरू करणं सोपं आणि टिकवणं कठीण. हिवरे बाजारचे नियम मला त्यासाठी महत्त्वाचे वाटतात. सगळ्यांनी मिळून आणलेलं पाणी एकाने बोअर मारून उपसलं, तर बाकीच्यांचे दिवस बुडाले. बोअरबंदी म्हणजे सावडीचाच जुना नियम, सगळ्या गावासाठी लिहिलेला.

१ मे

२०१६ साली पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा सुरू झाली. १ मेच्या महाश्रमदानाला शहरातली पोरं बसमधून गावात जायची. २०१८ला मीही गेलो. टोपी, सनस्क्रीन, पाण्याची बाटली. सकाळी दोन तास चर खोदला, हाताला फोड आले, भरपूर फोटो काढले.

माझ्या शेजारी एक आजी घमेलं उचलत होत्या. त्यांनी विचारलं, "बाळा, कुठला तू?" मी तालुक्याचं आणि गावाचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तिकडं कोण खांदतंय?"

टोमणा नव्हता तो, खरंच विचारलं होतं. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. फोटो संध्याकाळी स्टोरीवर टाकला. पण तो प्रश्न काही गेला नाही.

रविवारी ये

आता शेवटचा भाग.

मागच्या वर्षी कांदा लागवडीच्या तोंडावर तात्या मोटरसायकलवरून पडले आणि पाय मोडला. त्यांचा मुलगा, तोच, ज्याने माझ्या जागी गारा उपसल्या होत्या, एकटा पडला. लागवडीला बाया मिळत नव्हत्या. रोप तयार होऊन थांबलं होतं, आणि ते फार थांबत नाही.

मला कळलं तेव्हा मी काय केलं असेल? जे तुम्ही केलं असतं तेच. फोन उघडला, दोन हजार रुपये पाठवले. खाली लिहिलं, 'छोटीशी मदत'.

दहा मिनिटांत पैसे परत आले. खाली त्याचा मेसेज होता, "रविवारी ये."

मला आधी राग आला. पैसे नको, मग काय हवं? आजीला फोन केला. तिने तेव्हा ती व्हॉइस नोटच्या वेळची गोष्ट नीट उलगडून सांगितली. "२०१४ला तो तुझ्या जागी आला होता. त्याचे पैसे घेतले असते का त्याने? मग आता तू त्याला पैसे दिलेस म्हणजे मजूर लावलास. तो तुझ्याकडे मजूर म्हणून आला नव्हता."

मी शनिवारी रात्रीच गेलो. रविवारी सकाळी सातला वाफ्यात बसलो. कांदा लागवड तुम्ही केली आहे का? उकिडवं बसायचं, रोपाची जुडी डाव्या हातात, उजव्या हाताने एकेक रोप ओल्या मातीत दाबायचं, आणि तसंच मागे मागे सरकायचं. अर्ध्या तासात कंबर बोलायला लागते. माझ्या दोन ओळी होईपर्यंत तात्यांच्या सुनेच्या पाच झाल्या होत्या. माझी रोपं वाकडी होती, ती तिने मागून येऊन सरळ केली. म्हणजे माझा दिवस पुरता दिवससुद्धा नव्हता.

सोमवारी मी सुट्टी टाकली आणि परत बसलो. तात्या खाटेवर, पाय प्लास्टरमध्ये, बांधावरून बघत होते. होय, त्याच बांधावरून. संध्याकाळी चहा घेताना तात्या आजीला म्हणाले, "मावशी, फिटली बरं का पोराची सावड."

आजीने बोटं मोजली. "एक दिवस होता, याने दोन केले. म्हणजे तुमच्याकडं आता आमचा एक निघतो."

तात्या हसले. "राहू द्या. गव्हाला येतो."

मला वाटलं होतं की हिशोब मिटला की बरं वाटेल. पण आजीने तो मिटू दिला नाही, आणि तात्यांनाही तो मिटवायचा नव्हता. नंतर विचार करताना लक्षात आलं की सावडीत कुणाचं तरी कुणाकडे काहीतरी निघत असतं, आणि तेवढ्यासाठी पुढच्या हंगामात एकमेकांच्या दारात जावं लागतं. कॅलगरीच्या भावाला मी हे सगळं रेकॉर्ड करून पाठवलं. त्याचं उत्तर आलं: त्या म्हाताऱ्याचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे, यंदाचा बर्फ दोन्ही दारांतला तो काढणार आहे.

मंडळी, एक काम करा. आज घरी आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारा, तुमच्याकडे याला काय म्हणायचे. सावड, इर्जिक, वारंगुळा, पैरा, की आणखी काही? आणि दुसरा प्रश्नही विचारा, त्यात कोण कोण होतं आणि कोण नव्हतं. उत्तर रेकॉर्ड करून आम्हाला पाठवा, पुढच्या एखाद्या एपिसोडमध्ये ऐकवू.

आणि तुमच्या नावावर कुणाचा दिवस बाकी असेल, तर पैसे पाठवायच्या आधी एकदा फोन करून विचारा, कधी येऊ?

भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या.